अनंतच्या नावावरचे गोल

थंडी आली की आधी माझा उजवा गुडघा बोलतो, मग हवामान खातं. यंदा तो दिवाळीनंतर आठवड्याभरातच बोलला. सकाळी ओटीवर चहा घेऊन बसलो होतो. समोरच्या कलमांवर धुकं उतरलेलं होतं. पाय लांब करायला गेलो आणि आत ओळखीची कळ आली. बायको म्हणाली, तेल लावा. तेल लावलं. पण ही कळ तेलाला दाद देणारी नाही. ती बहारीनच्या वाळूत लागलेली आहे, आणि वर्षातून एकदा, याच दिवसांत, ती मला तिकडे घेऊन जाते. मग दोन-तीन दिवस मी घरात असून नसल्यासारखा वागतो. बायकोला सवय झालीय.

बहारीनला थंडी पडते म्हटलं की आमच्या गावातले लोक हसतात. त्यांच्या डोळ्यांपुढे आखात म्हणजे नुसतं ऊन. उन्हाचं मी नाकारत नाही. मी एसी मेकॅनिक होतो, माझ्याइतकं ऊन कुणी खाल्लं असेल? आठ महिने लोकांच्या खिडक्यांबाहेर लटकून आतल्या माणसांना गार करायचं, हा माझा धंदा. पण नोव्हेंबर लागला की एखाद्या सकाळी नईम वस्तीतल्या आमच्या गल्लीतल्या साऱ्या खिडक्या एकदम गप्प व्हायच्या. वर्षभर कानात घरघरणारा तो आवाज बंद झाला की आपल्याला ऐकू यायला लागलंय असं वाटायचं. कोपऱ्यावरच्या भट्टीत खुबूसच्या रोट्या थापल्याचा आवाज, कुणाच्या तरी रेडिओवरची अरबी बाई, आणि उत्तरेकडून येणारा तो शमाल वारा. त्याला खाऱ्या चिखलाचा वास असायचा. आमच्या खाडीला ओहोटीच्या वेळी येतो तसाच, म्हणून तो नाकात शिरला की घर आठवायचं.

एसी बंद म्हणजे आम्ही मोकळे, आणि मोकळे म्हणजे फुटबॉल. तिथे कंपन्यांची लीग होती. वर ए डिव्हिजन: तेलवाले, बँकवाले, असे मोठे मोठे लोक. त्यांचं मैदान रिफाकडे, हिरवंगार, बसायला पायऱ्या असलेलं. खाली आमची बी डिव्हिजन: ठेकेदार, लाँड्रीवाले, बेकरीवाले, गोदामवाले. आमचं मैदान जिदहफ्सच्या अलीकडे, खजुराच्या बागेला लागून. गवताची काडी नाही. वाळू, मीठ आणि खडे. पाऊस पडून गेला की वर खारट पापुद्रा धरायचा, त्यावर पडलं की अंग सोलून निघायचं. दर शुक्रवारी दुपारी कुणीतरी चुन्याची फक्की ओढायचा आणि वारा ती अर्ध्या तासात पुसून टाकायचा. मग लाइन कुठे होती यावर भांडणं. चेंडू भिंतीपलीकडे बागेत गेला की म्हातारा बागवान तो आणून द्यायचा, आणि देताना दर वेळी आम्हाला काहीतरी शिव्या द्यायचा. आम्ही आभार मानत त्याला 'शुक्रन' म्हणायचो.

मी सेंटर फॉरवर्ड. सांगताना लाज वाटायला नको म्हणून सांगूनच टाकतो, बी डिव्हिजनमध्ये माझ्याइतके गोल कुणी केले नाहीत. आणि त्यातही ब्याऐंशी-त्र्याऐंशीची ती थंडी. त्या थंडीत माझा एकही शुक्रवार कोरडा गेला नाही. मी फार पळायचो नाही. गावच्या पुळणीवर, ओहोटीच्या ओल्या वाळूत अनवाणी खेळून शिकलेला मी, मला एवढंच कळायचं की चेंडू शेवटी कुठे येणार. तिथे आधी जाऊन उभं राहायचं. बाकी दहाजण मागे घाम गाळतायत, आरडाओरडा करतायत, आणि आपण पुढे समोरच्या दोन दांडग्या बॅकच्या मध्ये एकटे. नव्वद मिनिटांतली पंच्याऐंशी मिनिटं सेंटर फॉरवर्डशी कुणी बोलत नाही. मला ते जमायचं, कारण मैदानाबाहेरही माझं तसंच चाललेलं होतं.

गोल झाला की मात्र सगळे धावत यायचे. घामेजलेले, वाळूनं भरलेले, कुणी केरळचा, कुणी पंजाबचा, कुणी बलुची. मिठ्या मारायचे, डोक्यावर थापट्या मारायचे, 'अनंत, अनंत' म्हणून ओरडायचे. आठवड्यातून तेवढ्याच वेळा मला कुणी हात लावायचं. मला वाटतं, मी एवढे गोल केले ते त्यासाठीच केले. आणि त्या मिठीत असतानाच दर वेळी मनात यायचं, की हे ज्याच्या नावानं ओरडतायत तो मी नव्हे.

कारण माझं नाव दत्ता.

अनंत माझा थोरला भाऊ. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. तो दहा वर्षांचा असताना विषमज्वरानं गेला, तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. मला त्याचा चेहरा आठवत नाही. घरात त्याचा फोटोही नव्हता, फोटो काढायची चैन कुणाला होती? सतराव्या वर्षी मला आखातात पाठवायचं ठरलं तेव्हा मुंबईच्या एजंटनं सांगितलं, एकवीसच्या आतलं पोर चालणार नाही. बाबांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी शाळेत गेले. शाळेच्या रजिस्टरात अनंतचं नाव तसंच होतं, ते कुणी काटलेलंच नव्हतं. गुरुजी दयाळू. त्यांनी अनंतच्या नावानं शाळा सोडल्याचा दाखला करून दिला. त्यात एक रकाना असतो, शाळा सोडण्याचं कारण. त्यात गुरुजींनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'पालकांच्या इच्छेवरून'. त्या दाखल्यावर पासपोर्ट निघाला, पासपोर्टवर व्हिसा निघाला, आणि मी सतराव्या वर्षी पंचवीस वर्षांचा होऊन बहारीनला उतरलो.

त्या काळात असं करणारे आम्हीच होतो असं नाही. पण बाकीच्यांनी वय वाढवलं, कुणी आडनाव बदललं. मी अख्खा माणूसच बदलला होता. बाबांनी तर मला सराव दिला. निघण्याआधी महिनाभर घरात मला सगळ्यांनी अनंत म्हणायचं. मी विहिरीवर असलो की बाबा मागून अचानक हाक मारायचे, "अनंता!" लगेच वळलो तर बरं. नाही वळलो तर पाठीत धपाटा. विमानतळावर साहेबानं नाव विचारल्यावर चाचरलास तर तिथूनच परत येशील, असं ते म्हणायचे. आईही अनंतच म्हणायला लागली. फरक इतकाच, की बाबांनी मला निरोप देताना एसटीच्या खिडकीशी "दत्ता, जपून रे" म्हटलं, आणि आई अनंतच म्हणत राहिली. पुढे बाबा गेले, मी तिकडे असतानाच. तारही अनंतच्याच नावानं आली. दर दोन वर्षांनी मी रजेवर घरी यायचो, वाडीतले सगळे दत्ता म्हणायचे, आणि आई मला पानावर वाढताना म्हणायची, अनंता, आणखी घे.

मी काय समजायचं?

मी जे समजलो ते कुणालाही सांगितलं नाही. मला वाटलं, हिला हिचा गेलेला मुलगा परत मिळाला. कागदावर का होईना, तो मोठा झाला, परदेशी गेला, घरी साड्या आणि सेंटच्या बाटल्या आणायला लागला. आता हिला धाकट्याची गरज काय? मेलेल्या भावाचा हेवा वाटणं किती वाईट असतं, ते ज्याला वाटलंय त्यालाच कळेल. भांडायला समोर कुणी नसतं.

खोलीत आम्ही सहाजण होतो. चार रत्नागिरी जिल्ह्यातले, दोन साताऱ्याचे. माझ्या कार्डावरचं वय सगळ्यांना माहीत, त्यामुळे मी सगळ्यांत वडील. माझ्यापेक्षा पाच-पाच वर्षांनी मोठी माणसं मला 'अनंतदा' म्हणायची, अहो-जाहो करायची. मी खोलीत शिरलो की चावट विनोद थांबायचा. सिनेमाला जाताना मला विचारायचे नाहीत, अनंतदाला कशाला असला सिनेमा? मला जायचं असायचं. मी पंचविशीतला, मला सगळंच पाहायचं असायचं. पण तेहतीस वर्षांच्या माणसाला शोभेल असा चेहरा करून मी कॉटवर पडून राहायचो. शिवाय तेहतिशीत लग्न नाही म्हणजे काहीतरी खोट असणार, अशी कुजबुज होतीच. एकदा एकानं फार हळुवारपणे मला मुंबईच्या एका वैद्याचा पत्ता दिला. मी तो घेतला आणि आभार मानले. करतो काय, झाकली मूठ सव्वा लाखाची.

आमच्या टीमचे मॅनेजर म्हणजे इस्माईलभाई. कंपनीत टाइमकीपर, मूळचे रत्नागिरीचे, पन्नाशीचे, बुटके, कडक इस्त्रीचे. फुटबॉल त्यांना फारसा कळायचा नाही. पण प्रत्येकाचे शूज, प्रत्येकाचं पाणी, कुणाची ड्युटी शुक्रवारी लागलीय ती बदलून घेणं, हे सगळं ते बघायचे. सामना संपला की पिकअपमध्ये मागे आम्ही कोंबलेले आणि पुढे ते, मांडीवर थर्मास घेऊन. त्या थंडीत इंग्रजी पेपरात बी डिव्हिजनचे निकाल आतल्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात यायला लागले. गोल करणाऱ्यांची नावं कंसात. इस्माईलभाईंनी पहिलं कात्रण कापून, माझ्या नावाखाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढून मला आणून दिलं. म्हणाले, घरी पाठव, आईला बरं वाटेल.

मी ते पाठवलं. आईला वाचता येत नव्हतं, इंग्रजी तर दूरच. पत्रं ती गुरुजींकडून लिहून घ्यायची. त्याच गुरुजींकडून, त्याच वळणदार अक्षरात. महिन्याभरानं उत्तर आलं. चिरंजीव अनंतास अनेक आशीर्वाद. तुझे नाव छापून आलेला कागद पोचला. गुरुजींनी बोट ठेवून नाव दाखविले. डोळे भरून आले. कागद देवापुढे ठेवला आहे. अनंता, प्रकृतीस जप.

मी ते पत्र भट्टीच्या बाहेर, हातात गरम खुबूस धरून उभ्या उभ्या वाचलं. सबंध पत्रात मला शोधलं. एखाद्या ओळीत, शेवटी ताजा कलम म्हणून, कुठेतरी. दत्ता नव्हताच. डोळे भरून आले ते अनंतचं नाव बघून आले. कागद देवापुढे ठेवला तो अनंतचा. पाय माझे, सोललेला गुडघा माझा. खुबूस हातात गार झालं, ते तसंच घेऊन मी वर्कशॉपला गेलो.

त्यानंतर मी आणखी गोल केले. रागानं केले की प्रेमानं, ते मला अजून ठरवता येत नाही. प्रत्येक कात्रण पाठवत गेलो.

जानेवारीत अबू सालेह यायला लागले. ए डिव्हिजनमधल्या एका मोठ्या कंपनीच्या टीमचे कोच, बहारीनी, पन्नाशीचे, पांढरी दाढी नेटकी कापलेली. थंडी म्हणून पायघोळ पांढऱ्या थोबवर काळा कोट घालायचे. जुन्या बहारीनी माणसांना यायचं तसं हिंदी त्यांना छान यायचं. पहिल्या शुक्रवारी ते गाडीतच बसून राहिले. दुसऱ्या शुक्रवारी बॉनेटला टेकून उभे राहिले. तिसऱ्या शुक्रवारी लाइनपाशी आले, आणि सामना संपल्यावर त्यांनी मला बोटानं बोलावलं. त्या दिवशी मी तीन केले होते. तिसरा तर नुसता उभा राहून. चेंडू माझ्याकडे स्वतः चालत आला होता.

ते म्हणाले, तू पळत का नाहीस? मी म्हणालो, चेंडूच येतो. ते हसले. मग त्यांनी सरळ विषयाला हात घातला. त्यांची कंपनी मला घेईल. टेक्निशियनची नोकरी, रिफाजवळ क्वार्टर, एका खोलीत दोन माणसं, आणि पुढच्या हंगामात त्या हिरव्या मैदानावर खेळायचं. आमच्या कंपनीकडून सोडपत्र मिळवणं त्यांचं काम. मी फक्त पासपोर्टची आणि कार्डाची झेरॉक्स आणायची. पुढच्या शुक्रवारी. इंशाल्ला.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. खोलीत सांगितलं नाही. इस्माईलभाईंना सांगितलं, तर त्यांनी स्वतःच झेरॉक्स काढून आणल्या, पाकिटात घातल्या, वर माझं नाव लिहिलं. एका संध्याकाळी काम सुटल्यावर मी बसनं रिफाला जाऊन ते मैदान बघून आलो. फाटक बंद होतं. जाळीतून बोटं घालून उभा राहिलो. माळी पाणी मारत होता आणि ओल्या गवताचा वास येत होता. बहारीनमध्ये सात-आठ वर्षांत मी गवताचा वास घेतला नव्हता. इथे पडलं तर लागणार नाही, एवढंच डोक्यात आलं, आणि मला रडू आलं. आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून मी ते येऊ दिलं.

शुक्रवारी सामन्याआधीच अबू सालेहनी पाकीट उघडलं. पासपोर्टच्या झेरॉक्सवर त्यांची नजर खाली सरकत गेली आणि थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं. कंपनीचा नियम त्यांनी मला समजावून सांगितला. तिशीच्या पुढच्या खेळाडूला त्यांना नोकरीवर घेता येत नव्हतं. वरचे लोक विचारतील, दोन वर्षांनी याचं काय करायचं? आपण मला तेवीस-चोवीसचा समजलो होतो, असं ते म्हणाले. माझ्या पायांकडे बघत होते. चाळीस वर्षं चेंडूमागे काढलेला माणूस, त्याला पाय वाचता येत नसतील?

मग त्यांनी कागदाची घडी घातली आणि हळू आवाजात, मित्राला विचारावं तसं विचारलं, "सदीक, कागज सच बोलता है क्या?"

हा माणूस मला दार उघडून देत होता, हे मला तेव्हाही कळलं. खरं वय सांगितलं असतं तर त्यांनी काहीतरी वाट काढली असती. कदाचित नसतीही काढली. वय खोटं म्हणजे दाखला खोटा, दाखला खोटा म्हणजे नाव खोटं, आणि मग जेल, परतीचं विमान आणि आयुष्यभराचा शिक्का. चोराच्या मनात चांदणं. मला समोर पोलिसच दिसायला लागले. भीती होती, हे आधी कबूल करतो. पण नुसती भीती असती तर मी आज इतकं आठवत बसलो नसतो. माझ्या डोळ्यांपुढे देवापुढचा कागद आला. आईचा मुलगा एकदा मेला होता. मी तोंड उघडलं असतं तर तो दुसऱ्यांदा मेला असता, आणि या वेळी मी मारला असता. आणि तिच्या हातात काय राहिलं असतं? मी. मी तिला पुरेन असं मला वाटलं नाही.

"सच बोलता है," मी म्हणालो.

अबू सालेहनी मान हलवली. झेरॉक्स परत पाकिटात घालून पाकीट माझ्या हातात दिलं आणि माझ्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला. म्हणाले, खलास. सामना बघायला ते थांबले नाहीत. त्या दिवशी मी दोन गोल केले. परतताना पिकअपमध्ये इस्माईलभाईंनी मला पुढे आपल्याजवळ बसवलं. मग रस्त्याकडे बघतच म्हणाले की इथे निम्म्या माणसांची वयं एजंटनं ठरवलेली आहेत, त्याचं काय एवढं. थर्मासच्या झाकणात त्यांनी मला चहा दिला. त्यांना सगळं कळलं होतं का? मी कधी विचारलं नाही, त्यांनीही नाही. तेही आता नाहीत.

त्यानंतर सहा हंगाम मी त्याच वाळूवर खेळलो. बी डिव्हिजनमध्ये नाव होतं. नवीन आलेली पोरं मला बघायला यायची, आणि म्हातारा अजून काय खेळतो म्हणून तोंडात बोट घालायची. म्हातारा तेव्हा कसाबसा तिशीला टेकत होता. मग लीगनं नियम काढला, चाळिशी झालेल्यांना मैदानात उतरवायचं नाही, कुणीतरी पडलं-बिडलं तर जबाबदारी कोणाची. अशा रीतीनं मी बत्तिसाव्या वर्षी चाळिशीचा म्हणून निवृत्त झालो. शेवटच्या सामन्यानंतर मला एक शिल्ड दिली. सर्वांत वयस्क खेळाडू म्हणून. टाळ्या वाजल्या. माझ्या अंगात अजून पाच वर्षांचे गोल शिल्लक होते, आणि ते मला स्पष्ट जाणवत होते, भूक जाणवते तसे. मी शिल्ड घेतली, दोन शब्द बोलायला सांगितलं तर 'शुक्रन' म्हणालो आणि खाली उतरलो.

त्याच वर्षी मी बहारीन सोडलं. व्हिसा आणखी चालला असता. पण थंडीत खिडक्या गप्प झाल्यावर करायचं काय, हा प्रश्न मला झेपेना.

घरी आलो तोही थंडीचाच दिवस. दोन-चार दिवस गेले. एका दुपारी आई ओटीवर कुळीथ पाखडत बसली होती आणि मी बॅगा रिकाम्या करत होतो. शिल्ड निघाली. ती म्हणाली, काय रे ते अनंता? त्या हाकेनं माझा तोल गेला. पंधरा वर्षं गिळलेलं सगळं बाहेर आलं. अबू सालेह, हिरवं मैदान, पाकीट, सगळं सांगितलं. सांगत कसला होतो, ओरडतच होतो. तुझ्या अनंतासाठी मी गप्प बसलो, म्हणालो. त्याचं नाव देवापुढे ठेवलंस, माझं कुठे ठेवलंस? इतक्या वर्षांत एकदा दत्ता म्हणालीस?

तिनं सूप खाली ठेवलं. ती रडली नाही. माझ्याकडे बघतही नव्हती, अंगणाकडे बघत होती.

"तू नी बाबा मुंबैस गेल्यात एजंटाकडं, तवा पोलिस आला हुता," ती म्हणाली. "पासपोर्टाची चौकशी कराय. इचारलान, पोर किती? मी म्हटलं दोन. अनंत मुंबैस गेलाय म्हटलं. तर इचारलान, दुसरा कुठं हाय?"

मी उभाच होतो.

"मी काय सांगनार? हाय म्हटलं आसतं तर म्हनला आसता, बोलवा त्याला, बघू दे. मी सांगितलं, दत्ता न्हानपनीच गेला. ह्या तोंडानं सांगितलं. त्यानं ल्हिवून घेतलान. पुडं पासपोर्ट नवा केलास तवा दुसरा पोलिस आला, त्यालापन तेच सांगितलं." तिनं पदरानं तोंड पुसलं, बोललेलं पुसून काढावं तसं. "जित्या पोराला मेला म्हटलेलं तोंड. त्या तोंडानं तुजं नाव कसं घेऊ? घेतलं नी खरं झालं तर? अनंताला काय हुनार हाय आता, त्याचं घेत ऱ्हायले."

मी तिच्या शेजारी बसलो. पेपरातलं नाव, मी विचारलं, ते बघून डोळे भरून आले ते? ती म्हणाली, गुरुजींनी बोट ठेवलं तिथे मी तुलाच बघितलं, दुसऱ्या कुणाला बघणार? दर सोमवारी ती उपास करायची. बाबा गेल्यापासूनचं व्रत असेल असं मी समजत होतो. तोही माझ्या आयुष्यासाठी होता, पहिल्या पोलिसापासून धरलेला.

आई पुढे अकरा वर्षं होती. मी आलो होतो, पासपोर्ट संपू दिला होता, पोलिस यायचं काही कारण उरलं नव्हतं. मी तिला पुष्कळदा म्हटलं, आता म्हण. ती हसायची आणि दुसरं काहीतरी बोलायची. लग्नात बायकोशी ओळख करून देतानासुद्धा 'हा माझा धाकटा' म्हणाली, नाव टाळून. बायको तर नाव घेत नाहीच, अहो म्हणते. आमच्या घरात माझ्या नावाचं नशीबच तसं.

आता थंडीत गुडघा बोलायला लागला की मला ती वाळू आठवते, मिठ्या आठवतात, आणि मी किती एकटा होतो ते आठवतं. त्यात खोटं काही नाही. पण मी तिकडे निदान गोल करत होतो, आणि कुणीतरी धावत येत होतं. ती इकडे दर पंधरा दिवसांनी गुरुजींसमोर बसून मला पत्र सांगायची, आणि मला हाक मारायची वेळ आली की जीभ आवरायची. तिच्याकडे कुणी धावत आलं नाही. मीही नाही.

शेवटच्या दुखण्यात ती तीन दिवस बोललीच नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी तिच्या तोंडात पाणी घालत होतो. तिनं डोळे उघडले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलले. मी कान जवळ नेला. काही ऐकू आलं नाही. मग तिनं माझा हात धरला आणि ओठ घट्ट मिटून घेतले, आणि मला कळलं की ती काय म्हणत नाहीये.